एक पट्टी, तीन हात: जिनिंगमधल्या अडकणाऱ्या डेटाबेसची दुरुस्ती

मी हिंगणघाटला संगणक दुरुस्तीचं आणि लहानसहान सॉफ्टवेअरचं काम करतो. गिऱ्हाइकं म्हणजे जिनिंगवाले, दालमिलवाले, कृषी केंद्रवाले. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंगमधून, म्हणजे कापसातली सरकी काढून रुई वेगळी करणाऱ्या कारखान्यातून, ऐन हंगामात तक्रार आली ती एका वाक्याची: "भाऊ, फाइल अडकून रायली." काय अडकतं, कुणाकडे अडकतं, यातलं काहीच फोनवर कळेना. एवढं कळलं की फाइल अडकली की गाड्या तोलायचा काटा थांबतो आणि काटा थांबला की ट्रॉल्यांची रांग फाटकाबाहेर डांबरी रस्त्याला लागते.

२०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. एका ट्रॉलीत तीस क्विंटल धरले तर सव्वादोन लाखांचा माल झाला. रात्रीपासून तो माल राखत बसलेल्या माणसाला ‘सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम आहे’ असं सांगून पाहा एकदा.

तिथली मांडणी अशी होती. दिवाणजींच्या संगणकावर नोंदी ठेवायच्या प्रोग्रॅमची, मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसची एकच फाइल. मालकांच्या पुतण्याने इंजिनिअरिंगच्या सुट्टीत बनवून दिलेली, आणि एका माणसाने वापरायची म्हटलं तर चांगलीच बनवलेली. ज्या फोल्डरमध्ये ती होती ते नेटवर्कवर शेअर केलेलं. काटाघर, ग्रेडरचं टेबल, चुकाऱ्याची (शेतकऱ्याला पैसे द्यायची) खिडकी, मालकांच्या केबिनमधला लॅपटॉप आणि खुद्द दिवाणजी, सगळे त्याच फाइलमध्ये शिरायचे. गाडी आली की भरलेला काटा, म्हणजे मालासकट वजन, होतो. मग ग्रेडर ओलावा आणि धागा बघून भाव टाकतो. माल खाली झाला की रिकामा काटा, त्यावरून निव्वळ वजन, आणि पट्टी, म्हणजे त्या मालाच्या हिशेबाची पावती, चुकाऱ्याला. हे सगळं एकाच पट्टीवर, म्हणजे टेबलातल्या एकाच ओळीत. मुळातलं दुखणं इथंच होतं, पण त्याच्यावर दुसऱ्या दुखण्यांचे थर बसलेले होते आणि ते आधी काढावे लागले.

गेल्या गेल्या मी कशालाच हात लावला नाही. सगळ्यांना सांगितलं की संदेश आला की तो बंद करायच्या आधी मोबाइलवर फोटो काढायचा आणि ग्रुपवर टाकायचा. काटेवाला म्हणाला, "फोटो कायले? मी सांगतो ना, लॉक येते." फोटो जमले तेव्हा दिसलं की ज्याला सगळे ‘लॉक’ म्हणत होते ते निदान पाच वेगळे आजार होते. कधी फाइलच उघडत नव्हती, कारण दुसऱ्याने ती एकट्यापुरती उघडलेली. कधी फाइल उघडायची पण एखादी पट्टी जतन होत नव्हती. कधी ‘राइट कॉन्फ्लिक्ट’ची चौकट यायची. कधी नेटवर्क तुटल्याचा संदेश. आणि अधूनमधून सगळ्यात वाईट तो, की फाइलचं स्वरूप ओळखता येत नाही. ग्रुपवर टाकल्यामुळे प्रत्येक फोटोला वेळ आपोआप लागली होती. ती वेळ पुढे फार कामी आली.

त्यांचा स्वतःचा इलाज एकच होता. संगणकाचं बटण दाबून धरायचं. अ‍ॅक्सेसच्या सामायिक फाइलला याच्याइतकं घातक काही नाही. दिवाणजींचा संगणक ‘सर्व्हर’ म्हणवला जात असला तरी तो फक्त फाइल ठेवायची जागा आहे. वाचायचं, लिहायचं, शोधायचं काम प्रत्येक संगणक स्वतः नेटवर्कवरून त्या फाइलमध्ये हात घालून करतो. लिहिता लिहिता एकाचा जीव गेला तर अर्धवट लिहिलेलं पान सगळ्यांच्या वाट्याला येतं.

पहिला थर सकाळचा होता. काही दिवशी सकाळी कुणालाच शिरता यायचं नाही, काही दिवशी सगळं सुरळीत. दिवाणजींचं मत होतं की थंडीने मशीन आखडते. मी सकाळी लवकर जाऊन फोल्डर उघडून बसलो. अ‍ॅक्सेसची फाइल सामायिकपणे उघडली की तिच्या शेजारी त्याच नावाची, ‘.एलएसीसीडीबी’ शेपटीची एक छोटी फाइल आपोआप तयार होते आणि शेवटचा माणूस बाहेर पडला की पुसली जाते. कोण कुठल्या ओळीवर बसलाय याची नोंद तिच्यातून चालते. त्या दिवशी काटेवाला सगळ्यांच्या आधी आला, त्याने फाइल उघडली, आणि शेजारी ती छोटी फाइल काही येईना. ती आली नाही याचा अर्थ फाइल त्याच्या एकट्याच्या ताब्यात गेली.

कारण परवानगीचं होतं. काटाघराच्या खात्याला अ‍ॅक्सेसच्या फाइलवर लिहायची मुभा दिलेली, पण फोल्डरमध्ये नवीन फाइल बनवायची आणि पुसायची नाही. शेअरिंगच्या पानावर सगळ्यांना सगळं दिलेलं दिसत होतं, म्हणून आजवर कुणी पुढे पाहिलं नव्हतं. विंडोजमध्ये शेअरिंग आणि सिक्युरिटी अशा दोन जागी परवानग्या असतात आणि दोहोंतली जी कडक ती चालते. सिक्युरिटीच्या पानावर सगळ्या खात्यांना फोल्डरची ‘मॉडिफाय’ परवानगी दिली आणि सकाळचं भांडण मिटलं. दिवाणजी आधी आले तर सुरळीत आणि काटेवाला आधी आला तर अडचण, असा तो साधा हिशेब होता. त्यावरून दोघांत जी काही बोलाचाली झाली असेल ती मी विचारली नाही.

ती छोटी फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर आत संगणकांची नावं दिसतात. इथं सगळ्यांची नावं ‘डेस्कटॉप’ आणि पुढे अगम्य अक्षरं. मग प्रत्येक संगणकाला त्याच्या जागेचं नाव दिलं: काटा, ग्रेड, चुकारा, ऑफिस. हे काम फुटकळ वाटतं, पण याच्याशिवाय ‘कुणी धरून ठेवलंय’ हा प्रश्न वाऱ्यावर राहतो. एक खबरदारी मात्र घ्यावी. बाहेर पडलेल्या माणसाचं नाव त्या फाइलमधून लगेच जात नाही, त्यामुळे नाव दिसलं म्हणजे तो आत आहेच असं नाही. आत्ता खरंच कुणी उघडलंय ते फाइल ज्या संगणकावर आहे तिथे, कॉम्प्युटर मॅनेजमेंटमधल्या शेअर्ड फोल्डर्समध्ये, ‘ओपन फाइल्स’खाली दिसतं.

दुसरं काम फाइल दुभागण्याचं. फॉर्म, रिपोर्ट आणि माहिती एकाच फाइलमध्ये असणं आणि ती सगळ्यांनी उघडणं, हे पहिल्या दिवसापासून चुकीचं होतं. रात्री काटा बंद झाल्यावर सगळ्यांना बाहेर काढलं, फाइलची प्रत पेनड्राइव्हवर घेतली आणि मग अ‍ॅक्सेसमधल्याच सोयीने टेबलं एका फाइलमध्ये, बाकी सगळं दुसऱ्यात असं केलं. टेबलांची फाइल दिवाणजींकडे. फॉर्मची प्रत प्रत्येकाच्या स्वतःच्या संगणकावर. इथं एक गोम आहे. दिवाणजींच्याच संगणकावर बसून दुभागताना ‘डी’ ड्राइव्हचा पत्ता दिला तर जोडणीत तोच पत्ता बसतो आणि मग बाकीचे संगणक आपापल्या ‘डी’ ड्राइव्हमध्ये टेबलं शोधत बसतात. पत्ता नेटवर्कवरून, संगणकाच्या नावानिशी द्यायचा.

यानंतर फाइल उघडण्याच्या तक्रारी थांबल्या. पट्ट्या अडकण्याच्या थांबल्या नाहीत. उलट वरचा गोंगाट गेल्यावर त्याच ठळक दिसायला लागल्या.

ग्रेडरच्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसलो. तो पट्टी उघडायचा, गाडी क्रमांक बघायचा, धाग्याच्या रकान्यात काहीतरी टाकायचा आणि ओलावा मोजायचं यंत्र घेऊन यार्डात निघून जायचा. ट्रॉलीवर चढून दोन-चार जागी कापसात हात खुपसून यंत्र लावायचं, वाटेत शेतकऱ्याशी भावावरून घासाघीस, कुणीतरी चहा पाजतो. आठ टक्क्यांवर ओलावा निघाला की घासाघीस आणखी लांबते. तेवढा वेळ पडद्यावर ओळीच्या डाव्या कडेला पेन्सिलीचं चिन्ह. ते चिन्ह म्हणजे ही ओळ बदलायला घेतली आहे, अजून जतन केलेली नाही. त्याच्या फॉर्ममध्ये कुलपाची सेटिंग ‘एडिटेड रेकॉर्ड’ होती, म्हणजे बदलायला घेतल्या क्षणापासून ती ओळ इतरांना बंद. इकडे तीच गाडी रिकामी होऊन काट्यावर उभी, आणि रिकामा काटा जतन होईना.

मी त्याला म्हटलं, दादा, जाताना पट्टी जतन करून जात जा. तो म्हणाला, "आन् आलो का पुन्हा शोधू? तीनशे पट्ट्यांत? थे उघडीच बरी हाय." त्याचं म्हणणं त्याच्या जागी बरोबर होतं.

यातलीच एक तक्रार मला सुरुवातीला कुणी पटवून देऊ शकत नव्हतं. काटेवाला शपथेवर सांगायचा की ग्रेडरने दुसरीच पट्टी उघडली तरी माझी अडकते, आणि तीही रोज नाही. ते खरं होतं. अ‍ॅक्सेस मुळात माहिती ४ केबीच्या पानांत ठेवतं. ओळीपुरतं कुलूप लावायची सेटिंग चालू नसेल तर कुलूप पूर्ण पानाला लागतं, आणि मग त्या पानावरच्या आजूबाजूच्या पट्ट्याही बंद होतात. रोज नाही याचं कारण असं की कुलूप ओळीचं की पानाचं हे दिवसाचा पहिला माणूस फाइल उघडतो तेव्हा ठरतं आणि बाकीचे त्याच्या मागे जातात. चुकाऱ्याच्या संगणकावर ती सेटिंग बंद होती. खिडकीवरचा पोरगा आधी आला की त्या दिवशी पानाचं कुलूप. सगळ्या संगणकांवर सेटिंग चालू केली.

पण याहून वाईट गोष्ट काट्याच्या फॉर्ममध्ये दडली होती. तिथली सेटिंग ‘नो लॉक्स’. नाव ऐकून वाटतं, वा, कुलूपच नाही, अडचण संपली. प्रत्यक्षात दोघांनी एकच ओळ बदलली तर जो उशिरा जतन करतो त्याच्यापुढे राइट कॉन्फ्लिक्टची चौकट येते. तीन बटणं: आपलं जतन करा, आपलं तात्पुरतं बाजूला ठेवा, आपलं सोडून द्या. रांग लागलेली असताना काटेवाला काय वाचणार? तो पहिलं बटण दाबायचा, आणि त्याखाली मधल्या वेळात चुकाऱ्याच्या खिडकीवरून किंवा ग्रेडरकडून त्या पट्टीत झालेली दुरुस्ती पुसली जायची. काही पट्ट्यांत ओलावा कोरा निघायचा, ग्रेडर म्हणायचा मी टाकला होता, मालक म्हणायचे तू टाकलाच नाहीस. माझ्या मते अडकणारी पट्टी परवडली. अडकलेली निदान ओरडून सांगते. ही गुपचूप पुसली जाणारी पट्टी हिशेबात कधी सापडेल याचा नेम नाही.

सेटिंग्ज सगळीकडे सारख्या करून, ग्रेडरच्या फॉर्मला काही मिनिटांनी आपोआप जतन व्हायला लावून, मला तिथून निघता आलं असतं. दिवाणजींनी निघू दिलं नाही, म्हणजे तसं ठरवून नाही. त्यांनी कपाटातून जुनी पट्टीबुकं काढली, संगणकाच्या आधीची. काट्याचं बुक वेगळं, ग्रेडरच्या चिठ्ठ्यांचं वेगळं, चुकाऱ्याचं वेगळं. म्हणाले, "पैले असं अडकत नव्हतं बाप्पा. काटेवाल्याच्या कागदाले ग्रेडर हात नाही लावे. गाडीचा नंबर तेवढा तिन्हीवर राहे. संध्याकाळी मी तिन्ही लावून पाहो."

बुकं समोर होती आणि रचना तयार होती. पुतण्याने तिन्ही कागद जोडून एक लांबलचक टेबल केलं होतं. दिसायला सोयीचं, एका ओळीत सगळं. पण त्यामुळे एका ओळीला तीन मालक झाले. मी ते टेबल पुन्हा फोडलं. आवक क्रमांक मुख्य. काट्याचं टेबल काटेवाल्याचं, प्रतवारीचं ग्रेडरचं, चुकाऱ्याचं खिडकीवरच्याचं. तिन्ही आवक क्रमांकाने जोडलेली. पट्टी छापताना क्वेरी (टेबलांतून माहिती गोळा करायची आज्ञा) तिन्ही एकत्र आणते, त्यामुळे शेतकऱ्याच्या हातातला कागद होता तसाच राहिला. ग्रेडर आता त्याची ओळ उघडी टाकून यार्डात दिवसभर फिरला तरी काट्याला त्याचं सोयरसुतक नाही. जुन्या पट्ट्या नव्या टेबलांत उतरवायला वेळ लागला, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

दुहेरी क्रमांकाची भानगड याच ओघात सुटली. तिथे दोन काटे आहेत, ट्रॉली-ट्रकचा मोठा आणि बैलबंडीचा लहान. फॉर्म उघडताच ‘आतापर्यंतचा मोठा क्रमांक अधिक एक’ असा नवा क्रमांक मिळायचा. दोन्ही काट्यांवर एकाच वेळी नवी पट्टी उघडली तर दोघांनाही तोच. चुकाऱ्याला गेल्यावर नाव जुळेना तेव्हा उघड व्हायचं. क्रमांक आता फॉर्म उघडताना मिळत नाही, जतन होण्याच्या क्षणी मिळतो, आणि टेबलात त्या रकान्यावर ‘दुबार चालणार नाही’ असा निर्देशांक लावलाय. तरीही टक्कर झालीच तर फॉर्म स्वतः पुढचा क्रमांक घेऊन पुन्हा प्रयत्न करतो. निर्देशांक नसता तर बाकी सगळी हुशारी फुकट होती.

उरलं ते नेटवर्क तुटणं आणि फाइल बिघडणं. इथं ग्रुपवरच्या वेळा कामी आल्या. नेटवर्क तुटल्याचे फोटो दिवसभर विखुरलेले नव्हते, ते ठरावीक वेळांना गुच्छाने येत होते: सकाळी, जेवणानंतर, चहानंतर. जिनिंगमध्ये राहिलेल्या कुणालाही या वेळा ओळखू येतील. तेव्हा प्रेस सुरू होते, तीच १७० किलोची गाठ बांधणारी. तिची मोटर उचलताना विजेचा दाब क्षणभर खाली येतो. संगणकांना काही होत नव्हतं, कारण प्रत्येकाला यूपीएस होता. नेटवर्कचा स्विच, म्हणजे सगळ्या संगणकांच्या तारा जिथे जोडतात ते यंत्र, मात्र काटाघराच्या भिंतीवर, खिळ्याला टांगलेला, सरळ विजेवर. दाब पडला की तो बंद होऊन पुन्हा सुरू होत होता. सगळे संगणक चालू, पडदे लखलखीत, आणि मधली वाट तुटलेली. एकदा असं तुटलं की अ‍ॅक्सेसला आपणहून पुन्हा जोडून घेता येत नाही, बंद करून उघडावंच लागतं. त्या क्षणी कुणी लिहीत असेल तर फाइल बिघडण्याचीही तयारी ठेवायची.

स्विच खाली काढला तेव्हा त्याच्या जाळीवर रुईचं अस्तर बसलेलं. झटकला, पेटीत घातला, लहान यूपीएस दिला. या एवढ्या कामाचं बिल करताना मलाच संकोच वाटला, पण फाइल बिघडण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त याच कामाने उतरलं. दिवाणजींचा संगणक जेवणाच्या सुट्टीत झोपी जायचा, तेही बंद केलं.

मालकांचा लॅपटॉप राहिला होता. ते वाय-फायवर, केबिनमधून अंगणात, अंगणातून गोदामात फाइल उघडी ठेवून फिरायचे. अ‍ॅक्सेसची सामायिक फाइल आणि वाय-फाय यांचं जमत नाही, कारण सिग्नल क्षणभर गेला तरी तो वरच्या स्विचसारखाच प्रकार. मालकांना नागपूरहूनही आकडे बघायचे होते. कुणीतरी सल्ला दिला होता की फाइल क्लाउडच्या फोल्डरमध्ये टाका, सगळीकडे आपोआप दिसेल. त्याला मी ठाम नाही म्हटलं. ती सेवा पूर्ण फाइलची प्रत फिरवते, कुलपाशी तिचा संबंध नाही. दोन ठिकाणी बदल झाला की दोन प्रती उरतात, आणि खरी कुठली ते ज्याने त्याने ठरवावं. मालकांना माहिती भरायची नव्हतीच, फक्त बघायची होती. मग दर संध्याकाळी आवक, सरासरी ओलावा, दिलेले आणि बाकी चुकारे यांचा पीडीएफ तयार होऊन त्यांच्या मोबाइलवर जायला लागला. लॅपटॉपवरचा शॉर्टकट त्यांच्या परवानगीने काढला. पहिले काही दिवस त्यांनी तो शोधला.

‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’चा, म्हणजे फाइल आवळून दुरुस्त करायच्या सोयीचा, नाद तिथेही होता. दिवसातून मनाला येईल तेव्हा. ते काम फाइल एकट्याच्या ताब्यात असल्याशिवाय होत नाही, म्हणजे त्यासाठी सगळ्यांना बाहेर काढा, आणि घाईत बाहेर काढायचं म्हणजे पुन्हा बटण दाबा. आता आठवड्याच्या सुट्टीला, प्रत घेतल्यावर, एकदा.

पुढच्या हंगामाआधी टेबलं एसक्यूएल सर्व्हरच्या फुकट मिळणाऱ्या एक्सप्रेस आवृत्तीत हलवावीत असं माझं मत आहे. तिथे लिहायचं काम सर्व्हर स्वतः करतो, संगणक फक्त मागणी करतात, त्यामुळे मधेच कुणी मेलं तरी अर्धवट पान उरत नाही. अ‍ॅक्सेसचे फॉर्म तेच राहतील. अ‍ॅक्सेसची २ जीबीची मर्यादा किंवा एका वेळी २५५ जणांची मर्यादा यांच्या आसपासही ही जिनिंग कधी जाणार नाही, हलवायचं कारण वेगळंच आहे: लाइन, म्हणजे वीज. मालक म्हणाले, बघू, कापूस किती येते त्याच्यावर.

सरकी-ढेपेच्या हिशेबाची एक वेगळी फाइल तिथे अजून जुन्याच पद्धतीने, न दुभागता चालू आहे. ती दिवाणजी एकटेच वापरतात, म्हणून तिला मी हात लावलेला नाही.